रोहतांगचा जुना रस्ता कोणासाठी?

३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगद्याचे उद्घाटन झाले आणि त्या दिवशी रोहतांग खिंड एका अर्थाने सेवानिवृत्त झाली. कुलू खोऱ्यातून लाहौलमध्ये जावयाचे तर ३,९७८ मीटर उंचीची ही खिंड चढून उतरण्यावाचून मोटारींना गत्यंतर नव्हते. आता पीर पंजाल पर्वताच्या पोटातून गेलेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या बोगद्याने तेच काम काही मिनिटांत होते, मनाली ते लेह हे अंतर ४६ किलोमीटरांनी कमी झाले आहे आणि प्रवासाचे चार-पाच तास वाचले आहेत. सुमारे ३,२०० कोटी रुपये खर्चून राष्ट्राने ही सोय करून घेतली, आणि ती करून घ्यावयास हवीच होती याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु सेवानिवृत्त माणसाचे पुढे काय करावयाचे हा प्रश्न जसा घरोघरी नीट सोडविला जात नाही, तसाच निवृत्त रस्त्याचा प्रश्नही आपल्याकडे कोणी सोडवावयास घेतलेला दिसत नाही.

बोगदा झाल्यानंतर एकदा महाविद्यालयाच्या सहलीबरोबर त्या भागात जाण्याचा योग आला. मनालीपासून वर जाताना रस्त्याच्या कडेने बर्फात घालावयाचे कोट आणि गमबूट भाड्याने देणारी दुकाने लागतात. प्रत्येकाला क्रमांक असतो आणि प्रत्येक मोटारचालकाचा क्रमांक ठरलेला असतो. मढीच्या अलीकडे आमची गाडी लांबलचक रांगेत अडकून पडली. त्या रांगेच्या कडेकडेने दोघे सायकलस्वार, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी झोळ्या बांधलेले, संथ गतीने पण न थांबता वर निघून गेले. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी खिडकीतून पाहात होती. तिने विचारले, “सर, लेहला जायला बोगदा आहे, मग या रस्त्याचं आता काम काय?” तिला मी त्या वेळी काहीतरी उत्तर दिले. ते मलाच पटले नव्हते, म्हणून हा लेख.

या खिंडीचे काम पूर्वी काय होते हे आधी पाहिले पाहिजे. लाहौल-स्पिती हा क्षेत्रफळाने हिमाचल प्रदेशातील सर्वांत मोठा जिल्हा, आणि २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या अवघी ३१,५६४. आपल्याकडील एखाद्या बऱ्यापैकी तालुक्याच्या गावात याहून अधिक माणसे राहतात. यांपैकी लाहौलच्या लोकांचा बाहेरच्या जगाशी संबंध रोहतांगवरून होता आणि हिवाळ्याचे पाच-सहा महिने तो तुटत असे. आजारी माणसाला हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागे. ज्यांना धीर धरवत नसे ते बर्फातून पायी खिंड ओलांडीत. त्यांच्यासाठी मढी आणि कोकसर येथे बचाव-चौक्या ठेवाव्या लागत, यावरून त्या पायपिटीचे स्वरूप ध्यानात येईल. स्थानिक भाषेत या खिंडीच्या नावाचा अर्थ ‘प्रेतांची रास’ असा सांगतात. व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन १८६३ मध्ये याच वाटेने लाहौलच्या बाजूस गेले, तो प्रवास त्यांच्या प्रकृतीला मानवला नाही आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात धर्मशाला येथे त्यांचा अंत झाला. साम्राज्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याची ही कथा, मग पाठीवर ओझे घेऊन जाणाऱ्यांची काय असेल! गद्दी मेंढपाळ मात्र आपले कळप घेऊन दर उन्हाळ्यात लाहौलच्या कुरणांकडे जात आले आहेत आणि पानगळ सुरू होताच परतत आले आहेत. लाहौलचा बटाटा आणि वाटाणा देशाच्या बाजारात पोहोचला तो याच रस्त्याने. बियाण्याच्या बटाट्यासाठी तेथील शेतकऱ्यांनी १९६६ मध्ये सहकारी संस्था उभारली, ही गोष्ट सहकाराच्या आपल्या अभिमानातही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

म्हणजे ही खिंड ही एक गरज होती आणि तिला पर्याय नव्हता. अशा रस्त्यावरची गर्दी, धूळ, कोंडी हे सारे गरजेची किंमत म्हणून सोसावे लागते. बोगद्याने हे समीकरण मुळातून बदलले. लेहला जाणारा मालट्रक आता वर जात नाही. कोकसरचा शेतकरी वर जात नाही. स्पितीकडे जाणारा प्रवासीसुद्धा बोगद्यातून कोकसरला निघून ग्रामफूपाशी काझाचा रस्ता धरू शकतो. वर जातो तो केवळ वर जाण्यासाठी जाणारा. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर रोहतांग हे दळणवळणाचे साधन राहिले नसून उपभोगाची वस्तू बनले आहे. साधनाचे नियम वस्तूला लावून चालत नाही, आणि आज नेमके तेच चालले आहे.

मोटारींच्या संख्येचा प्रश्न बोगद्यापूर्वीच ऐरणीवर आला होता. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये स्वतःहून दखल घेऊन निर्णय दिला. डिझेलच्या धुरातील काजळी बर्फावर बसते, काळवंडलेले बर्फ सूर्याची उष्णता अधिक शोषते आणि वेळेआधी वितळते, हे त्या निर्णयामागील शास्त्र. पुढे दररोज ८०० पेट्रोलच्या आणि ४०० डिझेलच्या, अशा १,२०० पर्यटक-मोटारींची मर्यादा घालण्यात आली आणि प्रत्येक मोटारीस सुमारे साडेपाचशे रुपयांचा परवाना आवश्यक झाला. २०१७ मध्ये मनालीहून वर विजेवरच्या बसगाड्याही सोडण्यात आल्या. ही सारी पावले योग्य दिशेची होती. तथापि, त्यांतील हिशेब तपासून पाहू. १,२०० मोटारी आणि प्रत्येकी साडेपाचशे रुपये म्हणजे दिवसाला ६ लाख ६० हजार रुपये. मोटारीमागे पाच माणसे धरली तर माणशी एकशे दहा रुपये पडले. मुंबईच्या किंवा पुण्याच्या कुटुंबाने या सहलीसाठी आगगाडी, हॉटेल आणि मोटार यांवर जो खर्च केलेला असतो त्यात ही रक्कम चहापाण्यातच जमा होते. किंमत इतकी कमी आणि संख्या मर्यादित, अशा स्थितीत मागणी आणि पुरवठा यांतील फरक नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी खिशात जातो, एवढेच. रेशनच्या दुकानापुढे तिष्ठत उभे राहिलेल्या आपल्या पिढीला हे तत्त्व पाठ्यपुस्तकातून शिकावे लागले नाही.

याहून मोठी विसंगती अशी की ही मर्यादा खिंडीला आहे, तिच्याखालच्या बोगद्याला नाही. दिवसाला तीन हजार मोटारी आणि दीड हजार मालट्रक अशी बोगद्याची योजलेली क्षमता. डिसेंबर २०२३ मधील नाताळच्या सुट्टीत एका दिवसात तेथून २८ हजारांहून अधिक वाहने गेली, म्हणजे सहापटीहून जास्त. पलीकडचे सिस्सू हे गाव कालपरवापर्यंत बर्फात चार-पाच महिने निवांत झोपत असे. त्याच्या अंगणात आता मनालीची सारी वर्दळ येऊन पडते. त्याच सुट्टीत कोंडीला कंटाळलेल्या एका पर्यटकाने आपली जीप सरळ चंद्रा नदीच्या पात्रात घातली आणि पोलिसांनी त्याला दंड केला. या प्रसंगावर वर्तमानपत्रे पुष्कळ हसली. मला त्यात हसण्यासारखे फारसे दिसले नाही. एका दुकानात शिधापत्रिका लावून शेजारचे दुकान मोकळे सोडले की जे होते ते झाले.

आता त्या दोन सायकलस्वारांकडे वळू.

मनाली ते लेह हा मार्ग जगभरच्या सायकलस्वारांच्या यादीत वरच्या क्रमांकाचा मानला जातो. रोहतांग, बारालाचा, लाचुलुंग, तांगलांग अशा एकापेक्षा एक उंच खिंडी त्यावर आहेत. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि तेथून रोहतांगचा माथा रस्त्याने ५१ किलोमीटर, म्हणजे दर शंभर मीटरला सरासरी पावणेचार मीटरचा चढ. ऐकावयास हे थोडे वाटते, पण हवेतील प्राणवायू पायरीपायरीने विरळ होत जातो तेव्हा याच चढाला दिवस पुरत नाही. खिंडीच्या दोन्ही अंगांना मोटार-रस्त्याखेरीज जुन्या खेचरवाटा आहेत, मेंढपाळांच्या पायवाटा आहेत. ग्रामफूहून चंद्रा नदीच्या काठाने बातलपर्यंत आणि पुढे साडेचार हजार मीटरवरच्या कुंझुम खिंडीपर्यंत जाणारा दगडगोट्यांचा रस्ता आहे. जाड चाकांच्या, धक्के शोषून घेणाऱ्या सायकलींसाठी, ज्यांना सर्वत्र ‘माउंटन बाइक’ म्हणतात, याहून योग्य भूमी शोधून सापडणार नाही. हिमाचलात शिमला ते मनाली या बाजूला अशा सायकलींची अनेक दिवसांची शर्यत २००५ पासून सुरू झाली. यूथ हॉस्टेल्स संघटनेच्या जालोरी खिंडीतील सायकल-मोहिमांना आपल्याकडील विद्यार्थी हौसेने जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये लेह येथे या खेळाची जागतिक चषकाच्या मालिकेतील एक स्पर्धाही झाली. तेव्हा हे खूळ परदेशी पाहुण्यांपुरते आहे, असे समजणे आता वस्तुस्थितीला धरून होणार नाही.

हा खेळ ज्या गावांत वाढला त्यांतील एकाची कथा येथे उपयोगी आहे. अमेरिकेच्या कोलोराडो राज्यात क्रेस्टेड ब्यूट नावाचे २,७०० मीटर उंचीवरचे एक गाव आहे. मुळात ते कोळशाच्या खाणीचे गाव. मोठी खाण १९५२ मध्ये बंद पडली आणि गाव ओस पडू लागले. डोंगरापलीकडे ॲस्पेन हे धनिकांचे शहर. दोहोंच्या मध्ये पर्ल पास ही ३,८७२ मीटर उंचीची, म्हणजे रोहतांगच्या जवळपास उंचीची, खिंड आणि तिच्यावरून गेलेला दगडांनी भरलेला जुना रस्ता. ॲस्पेनचे काही तरुण मोटरसायकलींवर ही खिंड ओलांडून आले आणि क्रेस्टेड ब्यूटच्या खानावळीत मिरवू लागले. त्याला उत्तर म्हणून १९७६ च्या सप्टेंबरात तेथील पंधराएक तरुण आपल्या जुन्यापान्या, एका वेगाच्या, जाड टायरच्या सायकली ढकलीत आणि जमेल तेथे चालवीत पर्ल पासवरून ॲस्पेनला जाऊन पोहोचले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या टेकड्यांवर काही मंडळी अशाच सायकली उतारावरून पिटाळीत होती. १९७८ मध्ये हे दोन्ही गट पर्ल पासवर एकत्र आले. या खेळाचे नाव, त्याची खास सायकल आणि तिचा कारखाना हे सारे त्यापुढच्या तीन-चार वर्षांतले. १९८३ मध्ये क्रेस्टेड ब्यूटच्या सायकलस्वारांनी आपली संघटना काढली. पायवाटा दुरुस्त करणे, पडलेली झाडे हटविणे, नव्या वाटा कोठून न्याव्यात याविषयी वनखात्याशी भांडणे आणि जुळवून घेणे ही कामे तिने अंगावर घेतली.

दोन गोष्टी या कथेतून मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की त्या डोंगररांगेत पर्ल पासवर चाके चालतात, पण थोड्या अंतरावरच्या वेस्ट मरून खिंडीत चालत नाहीत. ती खिंड १९६४ च्या कायद्याने संरक्षित केलेल्या अरण्यात येते, आणि त्या कायद्याने यांत्रिक वाहनाला बंदी आहे. सायकल हेही यंत्रच, असा त्याचा अर्थ १९८४ मध्ये स्पष्ट करण्यात आला. परिणामी क्रेस्टेड ब्यूट ते ॲस्पेन हे अंतर त्या खिंडीतून पायी अवघे अकरा मैल आणि मोटारीने शंभर मैलांचा वळसा. कोणी तेथे बोगदा मागितला असता तर त्याला उत्तर मिळाले असते की सर्वच डोंगर सर्वांसाठी सर्व प्रकारांनी खुले असलेच पाहिजेत असे नाही. एक खिंड चाकांची, एक पावलांची, अशी वाटणी एकदा विचारपूर्वक केली की भांडणे पुष्कळ कमी होतात. दुसरी गोष्ट तितकी सुखद नाही. सायकल आणि बर्फ यांच्या जोरावर ते गाव इतके भरभराटीला आले की तेथे काम करणाऱ्यांनाच तेथे राहणे परवडेनासे झाले, आणि जून २०२१ मध्ये गावाच्या नगर-परिषदेला घरांच्या बाबतीत आणीबाणी जाहीर करावी लागली. शिक्षक, परिचारिका, खानावळीतला स्वयंपाकी यांना भाड्याचे घर मिळेना. पर्यटन हे धूर न सोडणारे असले तरी जमिनीची किंमत वाढविल्याशिवाय राहात नाही. मनालीची लोकसंख्या २०११ मध्ये आठ हजारांच्या आसपास होती आणि तेथील बहुतेक अंगमेहनत बाहेरून आलेले लोक करतात. रोहतांगच्या रस्त्यावर बर्फ आणि दगड उपसणाऱ्यांत झारखंडातील दुमका भागाचे मजूर मोठ्या संख्येने असतात. त्यांच्या निवाऱ्याचा हिशेब कोणत्याही पर्यटन-आराखड्यात माझ्या पाहण्यात आलेला नाही.

सायकलची बाजू मांडताना सायकलस्वार हा संत आहे असे समजण्याचेही कारण नाही. उंचावरच्या कुरणांतील गवताला वाढावयास वर्षातून तीन-चार महिनेच मिळतात. ओल्या गवतावरून ब्रेक दाबीत घसरत गेलेले चाक एक चरी पाडते. पुढच्या पावसात तिच्यातून पाणी धावते, मागचा सायकलस्वार चिखल टाळण्यासाठी बाजूने जातो आणि दोन-तीन हंगामांत एका वाटेच्या जागी चार ओघळी दिसू लागतात. याला उपाय आहे, पण तो आपोआप होत नाही. वाट डोंगराला आडवी घ्यावी लागते, तिचा उतार मूळ कड्याच्या उताराच्या निम्म्याहून अधिक असू नये आणि सरासरीने शेकडा दहाच्या आत राहावा, तिची बाहेरची कड किंचित झुकती ठेवावी म्हणजे पाणी वाटेवरून वाहात न जाता दरीच्या बाजूने निसटून जाते. आपल्या सह्याद्रीतील जुन्या घाटवाटा पाहिल्या तर हे शहाणपण पायवाटा घडविणाऱ्यांना अनेक शतकांपूर्वी होते असे दिसेल. शिवाय मेंढपाळांचा प्रश्न आहेच. तीनशे मेंढ्यांचा कळप अरुंद वाटेवर असताना वरून भरधाव सायकल आली तर कोणी थांबावयाचे? २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा चराईचा हक्क मान्य केलेला आहे. सायकलस्वाराला कोणताच हक्क नाही, त्याला फक्त हौस आहे. तेव्हा थांबावयाचे कोणी याचे उत्तर अवघड नसावे. आणखी एक लबाडीही चालते, ती म्हणजे सायकली जीपच्या टपावर लादून माथ्यापर्यंत न्यावयाच्या आणि तेथून फक्त उतार उपभोगावयाचा. यात धुराची बचत कोठे झाली?

वाटेची डागडुजी कोणी करावयाची, हा यातील खरा आर्थिक प्रश्न होय. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये असे प्रतिपादन केले की जे सर्वांचे असते त्याचा नाश ठरलेला असतो, कारण लाभ एकट्याचा आणि झीज सर्वांची. आमच्या विषयाच्या प्राध्यापकांनी हे सूत्र दोन-तीन पिढ्यांच्या विद्यार्थ्यांकडून घोकून घेतले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र स्वित्झर्लंडची कुरणे, जपानची ग्रामवने, स्पेनचे पाटबंधारे यांचा अभ्यास करून दाखवून दिले की जेथे वापरणारेच नियम करतात, एकमेकांवर नजर ठेवतात आणि मोडणाऱ्याला क्रमाक्रमाने दंड करतात, तेथे सामाईक संपत्ती शतकानुशतके टिकते. २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी आपल्या गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, हा योगायोग मी वर्गात नेहमी सांगतो. रोहतांगच्या दोन्ही अंगांच्या वाटा जर कोठी, कोकसर यांसारख्या गावांच्या ग्रामसभांकडे सोपविल्या, सायकलस्वाराकडून माफक शुल्क घेण्याचा अधिकार त्यांना दिला आणि त्या पैशातून गावच्याच तरुणांना वाटा राखण्याचे काम दिले, तर राजधानीतून निविदा काढण्याची गरज उरणार नाही. खिंडीच्या तोंडाशी शुल्क घेणे ही काही नवी कल्पना नव्हे. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण सातवाहनांच्या काळापासून जकातीसाठी होता असे परंपरा सांगते. जकात घेणाऱ्याने वाट राखली पाहिजे, हा त्या व्यवहाराचा दुसरा भाग आपण विसरलो.

एक आक्षेप माझे सहकारी घेतील. लाखाच्या घरात किंमत असलेल्या सायकलीवर बसून येणाऱ्या चार हौशी लोकांसाठी सामान्य माणसाच्या मोटारी का अडवावयाच्या? शाळामास्तर आयुष्यात एकदा बायकामुलांना बर्फ दाखवावयास नेतो, त्याने काय करावे? हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. आमच्या लहानपणी सायकल ही पोस्टमनची, दूधवाल्याची, गिरणीतल्या कामगाराची होती. तीच आज श्रीमंतांच्या आरोग्याचे साधन होऊन बसावी, हा काळाचा विनोद आहे खरा. पण शाळामास्तराला वर नेण्यासाठी प्रत्येकाची वेगळी मोटार लागते, हे मात्र मला मान्य नाही. विजेची बस त्याला अधिक स्वस्तात नेईल, आणि कोंडीत चार तास न घालविता नेईल. आजच्या व्यवस्थेत खरा तोटा त्याचाच होतो. परवाना त्याला वेळेवर मिळत नाही, मिळाला तर मोटारीचे भाडे परवडत नाही.

मोटारी बंद केल्याने कष्ट नाहीसे होतात असे मात्र नाही, ते कधीकधी दुसऱ्याच्या पाठीवर जातात. आपले माथेरान हे मोटारींवाचूनचे गाव म्हणून आपण कौतुकाने सांगतो. तेथे दस्तुरी नाक्यापुढे मोटार जात नाही, आणि म्हणून माणसाने ओढावयाची रिक्षा तेथे इतकी वर्षे चालू राहिली. सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये सांगावे लागले की ही प्रथा सहा महिन्यांत थांबवा. डोंगराची हवा शुद्ध राहिली, तिची किंमत रिक्षा ओढणाऱ्याच्या फुप्फुसांनी चुकती केली. मनालीचे टॅक्सीचालक हे काही खलपुरुष नव्हेत. त्यांतील पुष्कळांनी बँकेचे कर्ज काढून गाडी घेतली आहे आणि हंगामाच्या तीन-चार महिन्यांत वर्षाची कमाई करावयाची असते. जुलै २०२३ मध्ये बियास नदीच्या पुराने कुलू-मनाली महामार्ग जागोजाग वाहून नेला तेव्हा त्यांचा हंगामही त्याबरोबर गेला. उद्या खिंड मोटारींना बंद केली आणि त्यांच्या हप्त्यांचा विचार केला नाही, तर ते रस्ता अडवितील आणि त्यांना दोष देता येणार नाही. बसगाड्यांचे चालक, वाहक, सायकली दुरुस्त करणारे, वाटाडे या जागा प्रथम त्यांच्या घरांतून भरल्या पाहिजेत, आणि परवान्यांच्या उत्पन्नातील काही वाटा काही वर्षांपुरता कर्जफेडीसाठी राखला पाहिजे. ही सवलत नव्हे, बदलाचा रास्त खर्च आहे. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात सिमेंटचा खर्च धरतात तसाच हाही धरावयाचा.

घाईने केलेला प्रयोग कसा फसतो याचे उदाहरण आपल्या दाराशी आहे. मे २०२२ मध्ये सिंहगडावर खासगी वाहने बंद करून विजेच्या बसगाड्या सोडण्यात आल्या आणि काही आठवड्यांतच तो प्रयोग थांबला. कल्पना चांगली होती. सुट्टीच्या दिवशी चढणाऱ्या गर्दीला पुरेल इतक्या गाड्या आणि तशी तयारी नव्हती. रोहतांगला तर वर्षातले निम्मे महिने रस्ताच बर्फाखाली असतो. म्हणून एकदम सारे करण्यापेक्षा टप्प्याने करणे शहाणपणाचे. मढीपर्यंत मोटारींना मुभा ठेवावी. मढीच्या वर प्रथम आठवड्यातले दोन दिवस, मग चार, आणि दोन-तीन वर्षांनी रोजच, फक्त विजेच्या बसगाड्या, सायकली आणि पायी जाणारे यांनाच प्रवेश असावा. लष्कराला आणि रुग्णवाहिकेला अर्थातच कधीही अडविता कामा नये. बोगद्यातून सिस्सूकडे जाणाऱ्या वाहनांनाही सुट्टीच्या दिवसांत मर्यादा आणि वाढीव शुल्क लावावे, नाहीतर वरची गर्दी खाली ढकलल्याचे पुण्य तेवढे पदरी पडेल.

सीमेवरच्या रस्त्यांचे काम पाहणारी संघटना आजही दर उन्हाळ्याच्या तोंडाशी खिंडीवरचे बर्फ कापून हा रस्ता मोकळा करते. बोगद्याला काही अपाय झाला तर हा दुसरा मार्ग हाताशी असावा, हे लष्करी दृष्टीने बरोबरच आहे. म्हणजे रस्त्याचा मूळ खर्च राष्ट्र करीतच राहणार आहे. त्यावर सायकलींसाठी वेगळा कोट्यवधींचा खर्च करावयाचा नाही. मढीला एक अडसर, एक पहारेकरी, पाण्याची आणि दुरुस्तीची दोन-तीन ठिकाणे, आणि दम लागलेल्याला खाली आणण्याची सोय एवढे सुरुवातीस पुरे. परवाना-पद्धत आल्यापासून मंगळवारी देखभालीसाठी पर्यटक-मोटारींना वर सोडावयाचे नाही, असा शिरस्ता पडलेला आहे. त्या दिवशी रस्ता मजुरांचा असतो. देखभालीचे काम सकाळचे काही तास सोडून करता आले तर तेवढा वेळ सायकलींना देता येईल, आणि त्यासाठी नवा कायदा, नवी समिती, नवे महामंडळ यांतले काहीही लागणार नाही. कुलूच्या जिल्हा कचेरीतून एक आदेश निघाला की पुरे.